गिरण

आमच्या घरात 'पंप' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. विहिरीवरचा पंप चालतो, बंदी आहे ती दुसऱ्याला. मागे एकदा चवथीच्या दिवशी "संडासाचा पंप लावून येतो" असं मी ओसरीवरून ओरडलो, आणि आत आत्येच्या हातातली मोदकाची पारी फाटली. तेव्हापासून त्याचं नाव गिरण.

घर मालवणकडे, माडांच्या बागेत, रस्त्यापासून चांगलं वीस फूट खाली. मागीलदारी विहीर, विहिरीमागे वाळू, मग समुद्र. पावसात विहिरीचं पाणी इतकं वर येतं की नुसतं वाकून कळशी भरावी. अशा जागी शोषखड्डा खणणं म्हणजे विहिरीशी सोयरीक करणं. म्हणून सेप्टिक टाकी वर, रस्त्याकडेला जांभा फोडून बांधली. पाणी उताराला धावतं. आमचं सगळं चढाला न्यायचं होतं.

ते काम गिरण करते. खाली घराजवळ सहा फूट खोल सिमेंटची वेगळी टाकी, तिच्या तळाशी ती बसलेली, तोंडाशी कातरणारी पोलादी पाती. चार इंची पाइपातून आलेलं दीड इंची पाइपातून चढवायचं तर आधी वाटण करावं लागतं, आणि वाटणाशिवाय मालवणात होतंय काय! कागदाचं वाटण होतं, बाकीच्याचं तर होतंच. नाड्याचं होत नाही. गेल्या वर्षी पात्यांना गुंडाळलेला लेंग्याचा नाडा निघाला. आरतीला कोण टाळ्या वाजवत नाही ते बघून चोर पकडला.

टाकीत तीन तरंगते गोळे लोंबकळतात, हापूस आंब्याएवढे. खालचा गोळा पंप बंद करतो, मधला चालू करतो, वरचा भोंगा वाजवतो. बटण 'ऑटो'वर असलं की ते आपसांत बघून घेतात. 'हँड'वर टाकलं की गोळ्यांचं कोणी ऐकत नाही, आपणच उभं राहून बंद करायचं. विसरलो तर पंप कोरडा फिरतो, तापतो, सील जातं. मग घरातल्या बावीस माणसांनी जायचं कुठे? समुद्र आहे, पण गावात अब्रूही आहे.

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी मुंबईहून सगळे चाकरमानी उतरले आणि वादळी पावसात लाईट गेली. संध्याकाळी आली. गिरण घुमायला लागली, मी निश्चिंत. आम्ही माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधत होतो. अर्ध्या तासाने भोंगा असा कोकलला की स्टुलावरच्या पुतण्याच्या हातून माटवीला बांधायचं कवंडळाचं फळ सुटलं ते थेट काकांच्या टकलावर. लाल दिवा पेटलेला, पंप घुमतोय, आणि पाणी उतरायचं सोडून वरच्या गोळ्याला खेळवतंय.

"कोणी जायचं नाही!" मी जाहीर केलं. कुठे, ते कोणी विचारलं नाही. मात्र ज्यांना दुपारपासून आठवण नव्हती त्यांनाही त्याच क्षणी निकड लागली.

वायरमन आला. आल्या आल्या मेन स्विच पाडला, तिन्ही कटआउट, म्हणजे फ्यूज, उपटून शर्टाच्या खिशात घातले. "आता कोणव शाणो बटन दाबूक येवंदे." वरचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना बघितलं. होता. मग हनुवटी खाजवून म्हणाला, "भाऊनु, उलटी फिरता हा."

खांबावर तार जोडताना कोणाकडून तरी दोन फेजांची अदलाबदल झाली होती. थ्री फेज मोटार तेवढ्यावरच उलटी फिरते. आवाज तोच, पण वीस फूट चढायचा जोर नाही. आमच्या मोठ्या काकांसारखं, घुमतात खूप.

"एवढं काय, कोणाला तरी पाचशे देऊन खाली उतरव," चुलतभाऊ म्हणाला. वायरमनने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वास येता तोपर्यंत बरां. वास येवचो थांबलो की समजा, नाक मेला. मागसून माणूस." खरंच आहे, टाकीतला तो वायू आधी नाक बधिर करतो. असं विनासाधन माणसाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे. चुलतभावाला शिक्षा म्हणून पंपाची साखळी ओढायला लावलं.

पाइपाची युनियन, म्हणजे आट्यांचा जोड, सोडवून पंप वर घेताना मी केबल धरली, तर वायरमन कावला. "शेपटेक धरून म्हशीक उचलतंस काय?" साखळीने वर घेतला, टाकीच्या तोंडाशी लोंबकळत ठेवला, सगळ्यांना पाच पावलं मागे हटवलं. कटआउट घातले. एकच सेकंद चालू, लगेच बंद. पंपाने अंगावरच्या बाणाच्या दिशेला हिसका दिला. "बरोबर तर आहे!" मी म्हणालो. तो हसला. पाती जिकडे फिरतात त्याच्या उलट पंपाचं धूड हिसकतं. बाण पात्यांचा असतो. मला हे कळायला चहा होईस्तोवर वेळ लागला.

कटआउट परत खिशात. दोन वायरींची अदलाबदल. पुन्हा एक सेकंद. हिसका या खेपेला बाणाच्या उलट. मग पंप खाली सोडला, युनियन आवळली, 'हँड'वर लावून मी डोळ्यांत तेल घालून पाणी बघत राहिलो. उतरलं. 'ऑटो' केलं. भोंगा गप्प. ओसरीवर रांग लागलेलीच होती.

"गिरण चालू झाली!" नियमाप्रमाणे ओरडलो.

पाच मिनिटांत कुंपणापलीकडच्या काकी खळ्यात हजर. कमरेवर डबा, डब्यात धुवून सावलीत सुकवलेले मोदकांचे तांदूळ. "मेल्या, घराक गिरण हाडलंस आणि सांगूक नाय? पीठ बारीक येता मा रे?"

माझी वाचा बसली. वायरमन मजुरीच्या नोटा मोजत होता, त्याने मानही वर केली नाही.

"एकदम बारीक, काकी. दीड इंची पायपातसून वर जाता."