नवऱ्याचा काळा कोट वांगी रंगाचा का आला: आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या फोंड्याच्या दुकानात तुम्ही कॅमेऱ्याचा फिल्टर काढून घेतलात, मग म्हार्दोळच्या लग्नात नवऱ्याचा काळा कोट वांगी रंगाचा आला. 'यांनी सेन्सर बिघडवला' असं लिहून तुम्ही एकच तारा दिलात. लग्न काही पुन्हा लागत नाही. तुमचा राग रास्त आहे.

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती, मात्र शाबूत आहे. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश पाहतो, सिलिकॉनला ११००च्या आसपासपर्यंत दिसतं; लालच्या पलीकडचा हा न दिसणारा प्रकाश म्हणजे इन्फ्रारेड. म्हणून कंपनी सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी निळसर काच बसवते. ती काच तेजोमेघांचा, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांचा, ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाशही बराचसा खाते. तुम्हाला आकाशगंगा टिपायची होती, म्हणून आम्ही तिथे साधी पारदर्शक काच घातली.

तुम्ही दिलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कोट वांगी, पण शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांची काळी टोपी काळीच आहे! डोळ्याला दोन्ही काळे एकच, रंगाचं रसायन वेगळं. कोटाचं कापड इन्फ्रारेड परत फेकतं, आणि हॅलोजनच्या दिव्यांतून तो भरपूर येतो. म्हणूनच व्हाइट बॅलन्स, म्हणजे सगळ्या फोटोची रंगछटा, बदलून भागत नाही: कोट सुधारायला जावं तर टोपी आणि चेहरे हिरवट होतात. २००६ साली आलेल्या लायका एम८ कॅमेऱ्यामध्ये ही काच पातळ होती, तिथेही काळे कपडे असेच जांभळट येत. शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट दिले.

चूक माझी आहे ती अशी. याच कॅमेऱ्यावर लग्नंही करणार का, हे मी विचारलं नाही, पावतीवर नुसतं 'फिल्टर काढला' लिहिलं. आता काळ्या कोटाच्या कापडाचा एक तुकडा काउंटरवरच ठेवलाय; असा कॅमेरा देण्याआधी त्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवतो.

तुमची मूळ काच तुमच्या नावाच्या पाकिटात जपून ठेवली आहे. म्हणाल तर विनामूल्य परत बसवतो. आकाशासाठी कॅमेरा असाच ठेवायचा असेल, तर एरवी लेन्सवर यूव्ही-आयआर कट फिल्टर (अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवणारी काच) लावा. खूप वाइड लेन्सवर मात्र कडांना निळसर-हिरवी झाक येते, हे आधीच सांगतो. आणि लग्नाच्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स, घेऊन या. कोट एकेका फोटोत निवडून काळा करावा लागेल, ते काम मी स्वतः करून देतो.