खुलासा: पेला फेकणारा तो नव्हताच
१९ नोव्हेंबर २००४ च्या एनबीएमधल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मारामारीबद्दल अजूनही सांगितलं जातं, ‘पेला फेकणाऱ्या प्रेक्षकाला रॉन आर्टेस्टने चोपला, म्हणून त्याच्यावर आजन्म बंदी आली.’ दोन्ही गोष्टी चूक.

डेट्रॉइट पिस्टन्स संघाच्या बेन वॉलेसने आर्टेस्टला ढकलल्यावर बाचाबाची झाली. मग इंडियाना पेसर्स संघाचा खेळाडू आर्टेस्ट स्कोअररच्या टेबलावर आडवा झाला. तेवढ्यात वरून पेला येऊन अंगावर आदळला. तो प्रेक्षकांत घुसला खरा, पण धरलं भलत्याच माणसाला! पेला त्याने फेकलाच नव्हता. कृपा करून त्या बिचाऱ्याला शिव्या घालू नका.

बंदी उरलेल्या हंगामापुरती होती, प्लेऑफ (हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने) धरून ८६ सामन्यांची. आणि २०१० मध्ये हाच आर्टेस्ट लेकर्स संघाकडून एनबीए विजेता ठरला.