सदाफुलीच्या रसानं गुणसूत्रं ‘भरून’ येतात म्हणे!

“पेशी फुटताना दर वेळी गुणसूत्रं अर्धी होतात, म्हणून चाळिशीनंतर माणूस खचतो. रोज उपाशीपोटी सदाफुलीच्या पानांचा रस घ्या. गुणसूत्रं भरून येतात, शुगर उतरते, कॅन्सरही जातो.” खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज मराठीत फिरतोय, कन्नडातही. आमच्या आत्याची केमो चालू आहे आणि कुणीतरी तो नेमका तिलाच पाठवला. तेव्हा गोड बोलणार नाही.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं 46. अर्धी केली की 23, पुढं साडेअकरा! या हिशेबानं पोटातला गर्भ 64 पेशींचा होईतो एकही आख्खं गुणसूत्र उरणार नाही. मग मेसेज लिहिणारा जन्मला कसा?

पीयूसी पहिल्या वर्षाचं, म्हणजे अकरावीचं, जीवशास्त्राचं पुस्तक उघडा. फुटण्याआधीच, म्हणजे विभाजन होऊन एकीच्या दोन होण्याआधीच, पेशी सगळ्या डीएनएची नक्कल करून ठेवते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेशीच्या दोन टोकांकडून आलेले तर्कुतंतू, म्हणजे ओढून नेणारे बारीक धागे, एकीला इकडून, दुसरीला तिकडून धरतात. एक जोडी जरी धरायची राहिली तरी पेशी थांबते. सगळ्या धरल्या गेल्या की जोड तुटतो आणि प्रती दोन्हीकडं ओढल्या जातात. इकडं 46, तिकडं 46. अर्धी होतात ती अंडपेशी नि शुक्रपेशी तयार होताना, तेही एकदाच.

आता सदाफुली. तिच्यातून कॅन्सरचं औषध मिळतं, हे खरं आहे, मान्य. विन्क्रिस्टीनला अमेरिकेत 1963 मध्ये परवानगी मिळाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. पण ते काही भरून काढत नाही. ते तर्कुतंतूच बनू देत नाही, पेशी अर्ध्या वाटेत अडकून मरते. विभाजन बिघडतं म्हणून घाबरवायचं आणि विभाजन अडवणारीच वनस्पती पाजायची!

शुगरचं तर 1950 च्या दशकातच उरकलंय. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुली मधुमेहासाठीच तपासली. पोटातून अर्क दिला तर उंदरांची साखर हलली नाही. टोचला तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. केमोत पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या असतात. म्हणून तर दवाखान्यात रक्त तपासून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून औषध देतात. अनगोळच्या अंगणातल्या मूठभर पानांत काय किती आहे, ते कुणी मोजलंय?

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही’ यावर शब्द घालवत नाही. कण्हेरही नैसर्गिकच आहे.

आत्याला सांगितलंय, घोटभर जरी घेतला असलास तरी पुढच्या डोसाआधी डॉक्टरांच्या कानावर घाल. तुमच्या घरी कुणी घेत असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.