कोंबायची गाडी

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय: धाकट्या चुलतभावानं गाडी कुठली घ्यायची. बजेट वीस लाखांच्या आतबाहेर. घरात माणसं सहा. तो, त्याची बायको, दोन पोरं, तात्या आणि काकू. कोल्हापुरात उजळाईवाडीपासून गंगावेशीपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांनी मत दिलंय आणि मत सगळ्यांचं एकच, एसयूव्ही. भांडण चाललंय ते काळी की पांढरी आणि सनरूफ पाहिजेच का, एवढ्यावर. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातून मी मध्येच विचारलं, "डिकी किती हाय, कुणी उघडून बघितली का?" भावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "दादा, डिकीत काय झोपायचंय? गाडी आली की गल्लीला कळाय पाहिजे."

ग्रुपवर लांबलचक लिहिलं तर तात्या न वाचताच अंगठा टाकतात. म्हणून इथं लिहितो.

मी गेली सहा वर्षं स्कोडा ऑक्टाव्हियाची इस्टेट चालवतोय. इस्टेट म्हणजे अंग सेडानचंच, पण छप्पर मागं उतरत न जाता सरळ शेवटपर्यंत गेलेलं आणि तिथं वर उघडणारं काचेचं दार. इंग्लंडात इस्टेट, अमेरिकेत स्टेशन वॅगन आणि जर्मनीत कोंबी. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, यांनी आपल्याकडनंच उचललाय. ज्यात कोंबायचं ती कोंबी. खरं तर माणसं आणि माल दोन्ही नेणारी जोडगाडी अशा अर्थाच्या एका लांबलचक जर्मन शब्दाचा तो तुकडा आहे, पण आमच्या घरात पहिलीच व्युत्पत्ती चालते. काकूला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कोंबडी?"

गाडी दिसायला काहीच नाही. राखाडी रंग, जुनी घेतलेली, सिग्नलला कुणी वळून बघत नाही. मागच्या दाराचे गॅसचे शॉकर मेलेत हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. ऑगस्टमध्ये दार वर थांबायचं, त्यामुळं मलाही पत्ता नाही. जानेवारीत पारा शून्याखाली गेला, थंडीनं उरलासुरला दाबही उतरला आणि पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट ठेवायला मी वाकलो असताना अख्खं दार टाळक्यात बसलं. टेंगूळ आठवडाभर होतं. मग दोन शॉकर मागवले आणि स्वतःच बसवले, पंधरा मिनिटांचं काम. गॅरेजमध्ये नेली असती तर सामानापेक्षा मजुरीच जास्त झाली असती. हा जो मजुरीचा हिशेब आहे ना, कोंबीचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

इथं माणसाचा हात महाग. कपाट घेतलं तर ते सुट्या फळ्यांच्या लांब खोक्यात मिळतं. ते दुकानातून उचलायचं, घरी आणायचं आणि जोडायचंही आपणच. जुनी गादी टाकायची तर भंगारवाला दारात येत नाही. शनिवारी सकाळी ती गाडीत घालून नगरपालिकेच्या यार्डात न्यायची, लाकूड एका कंटेनरमध्ये, लोखंड दुसऱ्यात, बागेतल्या काटक्या तिसऱ्यात. त्या रांगेत एकदा उभं राहिलं की कोंबी म्हणजे काय ते न सांगता कळतं. पुढं दातांचा डॉक्टर, मागं शाळेतली बाई, सगळ्यांची मागची दारं वर आणि सगळे हातमोजे घालून आपापली अडगळ खाली ओढतायत.

माझ्या गाडीच्या डिकीतच दोन्ही बाजूंना दोन खटके आहेत. ओढले की मागची सीट धप्पकन पुढं पडते. सीट उभी असताना ६१० लिटर जागा, पाडल्यावर १,७४०. तुलनेला सांगतो, आपल्याकडं घरोघरी दिसणाऱ्या क्रेटाची डिकी ४३३ लिटर. पण लिटर हा आकडा फसवा आहे. उंच गाडीत लिटर वर चढतात. मागची काच झाकून सामान छतापर्यंत रचलं तर ते हाती लागतात. कोंबीत जागा लांबीत मिळते. लांब खोकं सरळ आत सरकतं, शेवटचं टोक पुढच्या दोन सीटच्या मधे येऊन थांबतं आणि दार बंद होतं. दुसरं म्हणजे उंबरा. डिकीचा काठ माझ्या मांडीच्या मध्यावर येतो, एसयूव्हीचा कमरेशी. तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, उचलून बघितलेल्या माणसाला एवढ्यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता कोल्हापूर. शाहूपुरीत गूळ घेतला तर रवा गाडीत ठेवायला हमाल असतो. फ्रिज घेतला तर दुकानदार छोटा हत्ती लावून देतो, वर दोन पोरं जिना चढवून द्यायला. सिमेंट, फरशी, लग्नाची भांडी, सगळं टेंपोनं. आपल्या गाडीत माल घालायचा हा विचारच मध्यमवर्गीय घरात नाही, कारण तशी वेळच येत नाही. माझ्या भावाच्या आत्ताच्या छोट्या गाडीत सीएनजीची टाकी आहे. तिनं डिकी खाल्ली. उरलेल्या फटीत मागच्या चैत्रातला जोतिबाचा गुलाल, नारळाच्या शेंड्या आणि पोरांची एक बॅट. ज्यानं सात वर्षं स्वतःच्या गाडीची डिकीच बघितलेली नाही तो नव्या गाडीची कशाला बघंल? म्हणजे त्याचं उत्तर उर्मट असलं तरी खोटं नव्हतं.

जर्मन माणूस साधा म्हणून कोंबी घेतो आणि आपला माणूस दिखाऊ म्हणून एसयूव्ही, असं इथल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत ऐकू येतं. मला ते पटत नाही. एक तर इथंही नव्या गाड्यांत आता एसयूव्हीच पुढं आहेत, शाळेच्या दारात सकाळी बघा. आणि कोंबी टिकली त्यात साधेपणापेक्षा कराचा वाटा मोठा आहे. कंपनीनं दिलेली गाडी घरी वापरली तर दरमहा तिच्या छापील किमतीच्या एक टक्का रक्कम पगारात धरून त्यावर कर लागतो; मग कितीही फिरा. त्यामुळं विक्रीवरच्या, साइटवरच्या माणसांच्या हातात कंपनीच्या गाड्या आल्या, आणि आठवडाभर नमुन्यांच्या पेट्या आणि शनिवारी पोरांच्या सायकली असा ज्याचा संसार आहे तो कोंबीच मागणार. फोक्सवॅगननं २०२३ मध्ये पसाटची नवी पिढी आणली ती युरोपात फक्त कोंबीच. सेडान बंदच करून टाकली.

आपल्याकडंही करानंच गाडी कापली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं आणि कारखान्यांनी टेपा काढल्या. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोचं शेपूट छाटून इंडिगो सीएस काढली. तिच्याच घरातली इंडिगो मरिना, म्हणजे २००४ची इस्टेट, मागं पडली. शेपूट लांब असणं हाच गुन्हा झाला म्हटल्यावर मरिनानं जगायचं कसं? उत्पादन शुल्क गेलं, जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० असं झालं, पण चार मीटरची रेघ तिथंच आहे. कोंबीत लांबी हेच भांडवल. माझी गाडी साडेचार मीटरच्या वर आहे. म्हणजे कर मोठ्या गाडीचा भरायचा आणि रुबाब शून्य. हा सौदा कोण करंल?

असं नाही की कुणी प्रयत्नच केला नाही. मारुतीची बलेनो अल्टुरा होती, ऑक्टाव्हियाची कोंबी काही वर्षं आपल्याकडं मिळायची, व्होल्वोनं २०१७ मध्ये व्ही ९० क्रॉस कंट्री आणली. आणि या सगळ्यांच्या आधी, १९९२ मध्ये, टाटा इस्टेट. उद्यमनगरातल्या एका कारखानदाराकडं ती होती. डिझेलची, पॉवर स्टिअरिंगची, आणि अंगलोट थेट त्या काळच्या मर्सिडीजच्या इस्टेटसारखी. आमच्या शाळेवरून ती जायची तेव्हा आम्ही पोरं टोपी काढल्यासारखं करून उभी राहायचो, कारण आमच्या मते ती शववाहिका होती. गाडीच्या मालकाला हे माहीत असणार. त्यानं दोन-तीन वर्षांत ती काढून टाकली. पुढं इथं येऊन श्टुटगार्टच्या रस्त्यावर अस्सल मर्सिडीजची जुनी इस्टेट बघितली, मागच्या डिकीत उलट्या तोंडाची पोरांची सीट असलेली, तेव्हा पहिल्यांदा त्या कारखानदाराची माफी मागावीशी वाटली.

चालवायला कोंबी काय असते हे मात्र मी भावाला सांगून थकलो. करूळ घाटातनं गगनबावड्याला चढताना आमची निम्मी पोरं दरवेळी ओकतात. उंच गाडी प्रत्येक वळणाला कलते आणि मागं बसलेला माणूस त्या कलण्याबरोबर हेलकावतो. बसकी गाडी तेवढी हलत नाही. हायवेला वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून कपाटासारखी उभी गाडी जास्त तेल पिते. 'ॲव्हरेज किती देती?' हा प्रश्न ज्या गावात 'जेवलास का'च्या आधी विचारला जातो, तिथं हा मुद्दा लागू पडायला हवा होता. नाही पडला. इथून जवळच्या ट्युबिंगन गावानं २०२२ मध्ये जड गाड्यांचा घरासमोर लावायचा वार्षिक परवाना ३० युरोंवरून १८० युरोंवर नेला. हे मी ग्रुपवर टाकलं तर भावानं विचारलं, "घरासमोर लावायला पैसं?" चर्चा तिथंच संपली.

आणि आता माझ्याच विरुद्ध बोलतो, कारण बोलायला हवं. माझी गाडी मी कोल्हापुरात आणली तर पहिल्याच बिनपट्ट्याच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासंल. सातारा-कागल सहापदरीचं काम चाललेल्या रस्त्यावर डायव्हर्शनच्या खडीत मी तिला न्यायला धजणार नाही. पावसाळ्याचा मुद्दा मात्र मी मान्य करत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीपाशी हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता जवळपास आठवडाभर बंद होता. त्या पाण्यात एसयूव्हीसुद्धा गेली नाही, बोटी गेल्या. पण गुडघ्याचा मुद्दा खरा आहे. तात्यांना बसक्या गाडीतनं उठताना दाराला धरावं लागतं, उंच सीटवरनं ते नुसते पाय खाली सोडतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सहावा माणूस. माझ्या गाडीत पाच सीटा आहेत. इथं आम्ही तिघं, भागतं. भावाच्या घरी सहा जण एका गाडीतनं अंबाबाईला जातात, आणि काकूला रिक्षानं पुढं पाठवा असं सांगायची माझी छाती नाही.

म्हणून कोंबी घे, असं मी त्याला म्हणतच नाही. त्याच्या बजेटात ती मिळतही नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की सात सीटची गाडी बघायला जाशील तेव्हा तिसरी रांग उभी करून डिकी उघड. त्या रांगेमागं उभी ठेवलेली एखाददुसरी बॅग मावते. सहा माणसं, मालवणचे चार दिवस, येताना आंब्याच्या पेट्या. मग हे सगळं जाणार कॅरिअरवर, ताडपत्री बांधून, आणि फोंडा घाटात पाऊस आला की गाडी थांबवून तूच वर चढणार. शोरूममधल्या पोराला म्हणावं, ब्लूटूथ नंतर दाखव. काकूला बरोबर ने, घरातली भरलेली एक बॅग ने, आणि तिला ती डिकीत ठेवायला सांग. यावर त्यानं हसणारी तोंडं पाठवली. दुसऱ्या दिवशी वहिनीचा मला वेगळा मेसेज आला, "भाऊजी, बॅग किती किलोची न्यायची?" म्हणजे कुणीतरी वाचतंय.

मागच्या उन्हाळ्यात तात्या-काकू इथं आले होते. तात्यांची हयात फौंड्रीत गेली, त्यामुळं गाडी बघायची त्यांची पद्धत वेगळी. आल्याआल्या चाकाच्या आरीतनं वाकून त्यांनी ब्रेकची डिस्क बघितली, "बीड चांगलं हाय" म्हणाले, बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि विषय संपवला. एका रविवारी आम्ही बोडनझेला गेलो, दोन-अडीच तासांवरचं मोठं तळं. तळ्याकाठी गाडी लावली आणि पाऊस आला. मी मागचं दार वर केलं, त्याचं छान छप्पर होतं, आणि आम्ही तिघं डिकीच्या काठावर पाय सोडून बसलो. बायकोनं आतनंच चहाचा थर्मास पुढं केला. काकूनं कोल्हापुरातनं आणलेलं भडंग काढलं, कांदा मी घरनंच चिरून आणला होता. समोर पाण्यावर पाऊस, डोक्यावर नव्या शॉकरनं धरलेलं दार. मला वाटलं, आता तरी तात्यांच्या तोंडून कोंबीचं कौतुक निघंल.

तात्यांनी भडंगाचा बकाणा भरला, पाण्याकडं बघितलं, बसल्या जागी काठावर हात फिरवला.

"कट्टा बरा हाय," ते म्हणाले. "पर आमाला रंकाळ्याला फुकट हाय की रं."