चौघांतला एक गेला

सांगलीत आमच्या विश्रामबागच्या घरात टीव्हीमागे एक काळी पेटी असते. घरातल्या सगळ्यांचे फोटो-फायली एका जागी ठेवायची ती कोठी. दुकानदार तिला नॅस म्हणतात, आई 'तुझं ते घुरघुरणारं' म्हणते. आत चार-चार टीबीच्या चार हार्ड डिस्क. चौघांतला एक गेला तरी उरलेले तिघे हिशेब जुळवून त्याच्याकडचा माल पुन्हा उभा करतात, याला रेड-५ म्हणायचं. एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा, असं १९८८ साली बर्कलेच्या तिघांनी निबंध लिहून सांगितलं. त्यातला स्वस्तपणा सांगलीपर्यंत पोचलाच नाही. बहुधा पुण्यात उतरला.

तर परवा मध्यरात्री पेटी पीं-पीं करू लागली. वडील उठून आधी गॅस बंद करून आले. मी पाहिलं तर तिसऱ्या खणावर तांबडा दिवा.

दुकानात म्हणालो, "नॅसला चालणारी डिस्क द्या. एसएमआर नको, सीएमआर पाहिजे." एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, एक लिहायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर गेलेला माल पुन्हा उभा करणं, रखडतं. सीएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढत नाहीत. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीसीटीव्ही कॅमेऱ्याची देऊ का? सगळे तीच नेतात."

शेवटी ऑनलाइन मागवली. कुरिअरवाल्या पोरानं खोकं गेटवरून आत भिरकावायला हात उचलला, तेवढ्यात मी अनवाणी धावत जाऊन ते झेललं. शेजारचे काका म्हणाले, "काय, आंबे का?"

खरी परीक्षा पुढं. पेटी चालू ठेवूनच मेलेली डिस्क ओढायची, आणि चुकून शेजारची धडधाकट ओढली तर सगळंच बसलं. बायकोनं बॅटरी धरली. मी म्हणालो, "डावीकडून तिसरा." ती म्हणाली, "म्हणजे उजवीकडून दुसरा ना?" बरोबरच होतं, पण माझा हात थरथरायला तेवढं पुरलं.

रिबिल्ड सुरू झालं आणि घरात पूर आला. म्हणजे ऑगस्टात अख्खी सांगली जशी इर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याचे फूट मोजत बसते (४० ला इशारा, ४५ ला धोका), तसे आम्ही टक्के मोजत बसलो. मिरजेहून आत्याचा फोन, "किती झालं रे?" "एकतीस." "सकाळी किती होतं?" "एकतीसच." "म्हणजे स्थिर आहे," आत्या म्हणाली. तिच्या साखरपुड्याची कॅसेट त्या पेटीत उतरवून ठेवलीय. आजवर कुणी उघडून पाहिलेली नाही. वडिलांनी कॅलेंडरवर टक्क्यांची नोंद ठेवली. आईनं मिक्सर लावायच्या आधी परवानगी मागितली; मला या घरात एवढा मान लग्नातही मिळाला नव्हता.

भीती अशी की उरलेले तिघेही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेले. रिबिल्डमध्ये त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागतं, आणि म्हातारी डिस्क नेमकी अशाच श्रमानं मान टाकते. रेड-५ ला दुसरा गेलेला चालत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, रेड म्हणजे बॅकअप नव्हे." अरे, हे मीच तुला शिकवलं. बॅकअप आहे. वेगळ्या डिस्कवर, लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीखाली.

"मग सगळं सुरक्षित आहे की," बायको म्हणाली. "एवढा जीव कशाला काढताय?"

याला उत्तर नाही. पेटीत काय आहे यापेक्षा पेटीवर चारही दिवे हिरवे असणं मला जास्त प्रिय आहे, हे बायकोला सांगता येत नाही.

शंभर टक्के झाले तेव्हा आईनं शिरा केला. सगळे खात असताना मी मोबाइलवर स्मार्टचा अहवाल उघडला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो. दोन नंबरच्या डिस्कनं खराब सेक्टर (माल ठेवायचे बारके कप्पे) राखीव जागेत हलवायला सुरुवात केली होती, आणि आकडा सकाळपेक्षा वाढलेला. दिवा अजून हिरवाच.

नवीन डिस्क मागवलीय. पत्ता ऑफिसचा दिलाय.