तिचा पंचनामा कोण करणार?

पहाटे साडेचारला कौलांवर ताशा वाजायला लागला आणि मी उठून बसलो. फाल्गुनात! शिमग्याची पालखी अजून सहाणेवर यायचीय आणि बाहेर विजा चमकतायत. सकाळी ग्रुपवर कुणीतरी अंगणातल्या पावसाचा व्हिडिओ टाकला. त्याखाली सगळे मुंबईकर, 'वा, मातीचा वास', 'आता भजी हवीत'. तिथे काही लिहिलं नाही. तुम्हाला कळेल म्हणून इथे लिहितोय.

आमच्या देवराईत एक जुना बेहडा आहे. (नेमका कुठे, ते विचारू नका.) त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी येते. मादी आत शिरते, विष्ठा आणि फळांचा चोथा लिंपून तोंड बंद करते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही झडतात. बाहेर काहीही होवो, ती निघू शकत नाही. तिचं आणि पिल्लांचं पोट त्या एका नराच्या फेऱ्यांवर.

ही ढोली मला आप्पांनी दाखवली, माझ्या चुलत्यांनी. तेव्हाही असाच अवकाळी आला होता. आम्ही दोघं गडग्याला टेकून भिजत उभे. नर आला तो निथळत, गळ्यात वडाची फळं भरून. वारा एवढा की दोनदा बसायला गेला, दोनदा उडाला. तिसऱ्यांदा खोडाला नख्या रोवून चिकटला आणि एकेक फळ वर काढून फटीत देत राहिला. आप्पा एवढंच म्हणाले, "घरचा कर्ता आहे रे तो."

आंबेवाल्यांचं नुकसान खोटं नाही. माझ्याच मामाच्या बागेत आज सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडलाय, उरलेल्या मोहोरावर आता करपा येणार. पंचनामा व्हायलाच हवा. पण २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आदळलं, तेव्हा घरं मोजली, माड-पोफळी मोजल्या. ढोल्या मोजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि हे एका पावसाचं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. किनाऱ्यावर लाट म्हणायची तर पारा निदान ३७ वर आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त लागतो. फेब्रुवारीत! याच दिवसांत आम्ही पहाटे गोधडी सोडत नव्हतो. पुळणीवरच्या कुरव पक्ष्यांची डोकी तपकिरी व्हायला लागली की समजायचं, आता हे लडाख-तिबेटकडे निघणार. ते अजून आपली वेळ पाळतायत. हवेचा मात्र काही भरवसा उरला नाही.

कुणी म्हणेल, पाखरांनी असले पाऊस हजारो वर्षं काढलेत. काढले असतील. पण तेव्हा एक बेहडा पडला तर शेजारी दुसरा होता! आता ढोली धरेल एवढं जुनं झाड उरलंय कुठे? शेजारच्या वाडीतून गेल्या वर्षी ट्रक भरभरून लाकूड गेलं. विचारलं तर म्हणे, जुनाटच झाडं होती. अरे, जुनाटच लागतात त्यांना! नव्या कलमात ढोली होते का? तेव्हा गप्प बसलो, त्याचा राग आज येतोय. आप्पा असते तर आडवे उभे राहिले असते.

असो. पाऊस थांबल्यावर राईत जाऊन आलो. बेहडा उभा आहे. एक मोठी फांदी मोडून खाली पडलीय, ढोलीपासून हातभर लांबची. आप्पांच्याच जागी, गडग्याला टेकून उभा राहिलो. साडेनऊ वाजले तरी नर आला नाही. एरवी एवढ्यात त्याच्या दोन फेऱ्या होतात. पंखांचा आवाज आधी येतो, तो कानांत प्राण आणून ऐकत होतो. नुसती पानं ठिबकत होती.

निघताना दुर्बीण लावली. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. जरा वेळ तसंच राहिलं, मग आत गेलं.

चारला पुन्हा जातोय.