रोलर रॉकर लावल्याने कॅम वाचत नाही

"हाय-लिफ्ट कॅम टाकताय? मग स्टॉक रॉकर भंगारात द्या" अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. कॅम म्हणजे इंजिनातला उंचवट्यांचा दांडा, रॉकर म्हणजे त्याच्या हालचालीने व्हॉल्व्ह दाबून उघडणारा तरफेसारखा तुकडा, आणि लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते. स्टॉक, म्हणजे कंपनीचा, रॉकर काढून टोकाला चाक असलेला रोलर रॉकर लावा, असं त्यात म्हटलंय. दावे सहा: पॉवर २० टक्के वाढते, हाय-लिफ्टवर स्टॉक रॉकर तुटतोच, रोलर असला की रनिंग-इन (नवे भाग सुरुवातीला ठरवून चालवून एकमेकांवर बसवणं) लागत नाही आणि कुठलंही ऑइल चालतं, "जुना काढा, नवा लावा, काम संपलं", कुठल्याही इंजिनाला बसतो, आणि टॅपेटचा आवाज बंद होतो. मुलुंडचा माझा भाचा घरातली अँबॅसडर पुन्हा रस्त्यावर आणायच्या मागे आहे. त्याने हा मला पाठवला, खाली एक ओळ: "मामा, ऑर्डर करू का?" म्हणून हा खटाटोप.

सुरुवात तिसऱ्या दाव्यापासून, कारण बाकीचे खिसा कापतात आणि हा इंजिन मारतो.

पुशरॉड इंजिनात हा रोलर असतो रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकाला. कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, चालतो तो टॅपेट; तो पुशरॉड नावाची लांब दांडी वर ढकलतो आणि ती रॉकरला हलवते. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी बीएमसी इंजिनात काय किंवा कास्ट आयर्न बुलेटमध्ये काय, तो टॅपेट सपाट तळाचा आणि घासत चालणारा. वरच्या टोकाला रोलर बसवून खालचं हे घासणं कमी कसं होणार? डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून गुडघा फुटायचा राहत नाही. उलट जास्त लिफ्टच्या कॅमबरोबर कडक स्प्रिंग येते आणि लोबच्या शेंड्यावरचा दाब वाढतो. म्हणजे रनिंग-इनची गरज नेमकी आत्ताच सगळ्यात जास्त.

रनिंग-इन असं करतात. नव्या कॅमवर नवेच टॅपेट. जुना टॅपेट नव्या लोबवर कधीही नाही. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमवालं असेंब्ली ल्यूब, नुसतं ऑइल नव्हे. प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवत बसू नका, ल्यूब पुसलं जातं. कार्ब्युरेटरचं बाउल आधीच भरा आणि टायमिंग इतकं जवळ ठेवा की पहिल्या झटक्यात सुरू होईल. सुरू झालं की लगेच २००० ते २५०० आरपीएम, थोडं वरखाली करत २० मिनिटं. आयडलवर सोडायचं नाही, कारण अँबॅसडरसारख्या इंजिनांत लोबवर ऑइल पोचतं ते बरंचसं क्रँकने उडवलेलं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. एअर-कूल्ड बुलेट मात्र उभी ठेवून सलग २० मिनिटं तापवू नका. समोर मोठा पंखा लावा आणि टप्प्याटप्प्यानं करा. डबल स्प्रिंग असेल तर एवढ्या वेळापुरती आतली काढून ठेवा. मग ऑइल काढा, फिल्टर बदला आणि काढलेल्या ऑइलमधून चुंबक फिरवा.

टॅपेट स्वतःभोवती फिरतोय का हेही बघायचं. लोब त्याच्या मध्यापासून किंचित बाजूला असतो, बहुतेक इंजिनांत तळही नकळत फुगीर असतो, ते याचसाठी. फिरणाऱ्या टॅपेटबरोबर पुशरॉडही सावकाश फिरतो. रॉकर कव्हर उघडून प्रत्येक पुशरॉडवर मार्करचा एक ठिपका द्या आणि इंजिन चालू करून बघा. सात ठिपके फिरतायत आणि आठवा जागचा हलत नाही, तर तिथेच बंद करा. तो लोब झिजायला लागलाय. पुढे त्याच व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) दर आठवड्याला वाढत जातो, मेकॅनिक दर वेळी टॅपेट टाइट करून देतो, आणि महिन्याभरात लोब गोल होतो. त्याचा चुरा मेन बेअरिंगपर्यंत पोचलेला असतो.

आणि "कुठलंही ऑइल"? सपाट टॅपेटला वाचवणारं रसायन म्हणजे झिंक-फॉस्फरसचं, झेडडीडीपी. आजच्या एपीआय एसएन, एसपी दर्जाच्या ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा पातळ पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्याची वरची मर्यादा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून. अँबॅसडरला त्यापेक्षा सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल बरं. त्या दर्जाला ही मर्यादा नव्हती.

"हाय-लिफ्टवर स्टॉक रॉकर तुटतोच." तुटतोच? जनरल मोटर्सचं एलएस७ इंजिन घ्या. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधलं, ७ लिटर, पुशरॉडचं, ५०५ हॉर्सपॉवर, रेडलाइन ७०००. इनटेकची लिफ्ट ०.५९१ इंच, म्हणजे १५ मिमी. रॉकर रेशो, म्हणजे लोबची लिफ्ट रॉकर किती पट करतो ते, १.८. आणि कंपनीने दिलेल्या त्या रॉकरच्या टोकाला रोलर नाही. ते व्हॉल्व्हवर साधं घासतं. सुयांचं बेअरिंग आहे ते मधल्या पिव्हटवर, म्हणजे रॉकर ज्यावर डुलतो तिथे. रोलर आहेत ते टॅपेटला, म्हणजे कॅमवर, जिथे त्यांचा खरा उपयोग. आपल्याकडे १० मिमी लिफ्टला लोक हाय-लिफ्ट म्हणतात.

मर्यादा असतात, पण त्या मोजायच्या असतात. पत्रा दाबून केलेल्या, स्टडवर बसणाऱ्या जुन्या शेव्ही व्ही८ च्या रॉकरची खाच साधारण १२ मिमी लिफ्टच्या आसपास स्टडला टेकते. त्यापुढे खरंच बदलावा लागतो. शाफ्टवरच्या ओतीव रॉकरला ही अडचणच नाही. तिथे हिशोब बळाचा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचं बळ ७० किलो आणि रेशो १.५ धरला तर पुशरॉडवर १०५ आणि पिव्हटवर १७५ किलो येतात. रेशो १.६ केला तर पुशरॉडवर ११२. लोबवरचा भार वाढवणारा इथे रेशो आहे, आणि बाजारातले बरेच रोलर रॉकर वाढीव रेशोचेच असतात.

२० टक्के पॉवरचं गुपितही त्यातच आहे. लोबची लिफ्ट ७ मिमी असेल तर १.५ ने १०.५, १.६ ने ११.२, टॅपेट क्लिअरन्स वजा. जी काही पॉवर मिळते ती या वाढीव लिफ्टची, आणि नाव होतं रोलरचं. तीही मर्यादित: ३८ मिमीच्या व्हॉल्व्हला साधारण ९.५ मिमी लिफ्टला भोवतालची फट व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाएवढी होते. पुढे अडवतो तो पोर्ट, म्हणजे हेडमधला हवेचा मार्ग. पोर्टला हात न लावता लिफ्ट वाढवून सायन सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये काय साधणार, देव जाणे. एवढं मात्र मान्य करावं लागेल की रोलर टोकामुळे व्हॉल्व्हच्या दांड्याला बाजूने बसणारा रेटा थोडा कमी होतो आणि त्या दांड्याला धरणारा गाइड जरा जास्त टिकतो. पण तोच रोलर पिव्हटपासून सगळ्यात लांब वजन ठेवतो, त्यामुळे स्वस्त जड रोलरने व्हॉल्व्ह फ्लोट (जास्त वेगात व्हॉल्व्ह वेळेवर न मिटणं) उलट लवकर येऊ शकतो.

"जुना काढा, नवा लावा." यातली खोच आपल्याकडे वेगळी आहे. तयार हाय-लिफ्ट कॅमऐवजी बरेच जण जुनाच कॅम ग्राइंड करून घेतात. लोब उंच करता येत नाही, म्हणून बेस सर्कल (लोबचा उंचवट्याविना गोल भाग) लहान करतात. त्रिज्या १ मिमी उतरली की टॅपेट १ मिमी खाली बसतो. ॲडजस्टर स्क्रू पुशरॉडच्या बाजूला तेवढा पुढे फिरवून क्लिअरन्स जुळतो, पण रॉकरचा कोन बिघडतो. लोबवरचा कडक थर किती उरला, हाही प्रश्न ग्राइंड करणाऱ्याला विचारून ठेवा. म्हणून आधी हलक्या चेकिंग स्प्रिंग टाका, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, इंजिन हाताने दोनतीन फेरे फिरवा आणि रॉकर उचलून खूण बघा. खूण अरुंद आणि मध्यावर हवी. कडेला गेली तर पुशरॉडची लांबी चुकली. अर्ध्या लिफ्टला पिव्हटचा मध्य ते रोलरचा मध्य ही रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात यायला हवी.

मग पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण १.५ मिमी जागा, रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि व्हॉल्व्हच्या सीलमध्ये तेवढीच. पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट बघा: इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी. रोलर रॉकर उंच असतो, कव्हर आतून घासतं, तेही बघा. हायड्रॉलिक टॅपेटच्या (ऑइलच्या दाबाने क्लिअरन्स स्वतः जुळवणाऱ्या) यूसीई, म्हणजे नंतरच्या युनिट इंजिनाच्या, बुलेटवर हे माप घेताना टॅपेट दबतो आणि माप खोटं येतं, तिथे मापापुरता घट्ट टॅपेट वापरावा लागतो.

"कुठल्याही इंजिनाला" हे तर निव्वळ अज्ञान. रॉयल एनफिल्डच्या २०२० नंतरच्या जे-सिरीज ३५० मध्ये पुशरॉडच नाही. ओव्हरहेड कॅमच्या बाइकमध्ये रोलर रॉकर म्हणजे रोलर कॅमच्या बाजूला. तिथे घासणाऱ्या पॅडसाठी काढलेल्या लोबवर रोलर चढवला तर व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं सगळं गणित बदलतं, आणि रोलरचा बारीक रेषेतला दाब तो लोब सोसेलच असं नाही.

आवाजाचं म्हणाल तर बहुतेक वेळा दोष झिजलेल्या स्टॉक रॉकरचा असतो, आणि तो दुरुस्त होतो. रॉकरच्या पॅडला व्हॉल्व्हने खळगा पाडलेला असतो. फीलर गेज त्या खळग्यावर पुलासारखं आडवं बसतं, आकडा बरोबर दाखवतं, खरा क्लिअरन्स मात्र खळग्याइतका जास्त. पॅड ग्राइंड करून घ्या. शाफ्ट काढून खालच्या बाजूने नख फिरवा, भार तिथेच येतो. पायरी लागली तर शाफ्ट बदला. नवे बुश दाबून बसवा, त्यातलं ऑइलचं भोक रॉकरच्या भोकाशी जुळवा, मग रीमर मारा. हे काम कुठलाही बरा लेथवाला करतो.

रोलर घ्यायचेच असतील, म्हणजे लिफ्ट १२-१३ मिमीच्या वर, स्प्रिंग खरोखर कडक आणि गाडी ट्रॅकवर जाणारी, तर स्टीलचे घ्या. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर बिननावाच्या डब्यातून ॲल्युमिनियमचे निघाले तर दुकानातच पिव्हटला बोटाने आडवा झोल देऊन बघा. सुया सैल असतील तर तिथेच कळतं, नाहीतर त्या नंतर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, सापडतात.